पळणाऱ्या चोरावर पोलीस गोळी झाडू शकतात का? (आमच्या सोसायटीतली चप्पल आणि कलम ४६)

पायरीचा_आंबा (धागाकर्ता) – शनिवार, रात्री ११:४२

परवा रात्री आमच्या सोसायटीत (कल्याण वेस्ट) बाईकचोर सापडला, म्हणजे सापडता सापडता राहिला. दीडच्या सुमाराला तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना खाली खुडबुड ऐकू आली, वॉचमनला फोन केला तर तो गाढ झोपलेला, मग काकांनीच ११२ लावला आणि खरं सांगतो दहा मिनिटांत बीट मार्शल हजर, दोघं. चोर स्प्लेंडरच्या हँडलशी झटत होता, यांना बघून मागच्या भिंतीकडे पळाला, एक मार्शल त्याच्यामागे धावला, भिंतीवर चढताना त्याचा पायही धरला, पण हातात राहिली चप्पल. चोर पलीकडे नाल्यात. मार्शल ती चप्पल हातात घेऊन पाच मिनिटं भिंतीपाशी धापा टाकत उभा होता, मी बाल्कनीतून बघत होतो.

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर रणकंदन. दुसऱ्या मार्शलच्या कमरेला पिस्तूल होतं म्हणे, मग ते काय शोभेला? पायावर एक घातली असती तर? त्यात एका काकांनी फॉरवर्ड टाकला की नवीन कायद्याप्रमाणे पळणाऱ्या आरोपीला जागेवर गोळी घालायचा पोलिसांना पूर्ण अधिकार आहे, सर्वांना पाठवा. मी विचारलं कलम कुठलं, तर म्हणाले गुगल कर. केलं, पण डोकं अजून फिरलं. इथे वकील मंडळी आहेत, पोलीसवाले पण आहेत. साध्या मराठीत सांगा ना, पळणाऱ्यावर गोळी कधी चालते?

---

चहा_कमी_साखर – शनिवार, रात्री ११:५८

आधी त्या वॉचमनवर काहीतरी चालवा. (ह.घ्या.)

---

रोखठोक_बंड्या – रविवार, सकाळी ७:१५

गोळी चालली पाहिजे, बस. माझ्या आईचं मंगळसूत्र बाईकवरच्या दोघांनी ओढलं होतं, मानेला आठ टाके पडले. दोन वर्षं झाली, तपास चालू आहे. पळणारा निर्दोष असता तर पळालाच कशाला असता? उगाच कलमांचा कीस पाडत बसायचं आणि चोर नाल्यातून घरी जाऊन झोपतो.

---

काळा_कोट – रविवार, सकाळी ९:३०

बंड्या, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण सोनसाखळी चोराचंच उदाहरण घेऊ, कारण कायदा नेमका तिथेच 'नाही' म्हणतो.

मूळ तरतूद जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम ४६. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४३ झालं, त्यामुळे काकांचा 'नवीन कायदा' म्हणजे जुनीच बाटली, लेबल नवीन. पोटकलम (२) म्हणतं की एखाद्याने अटकेला जबरदस्तीने विरोध केला किंवा अटक चुकवायचा प्रयत्न केला तर पोलीस अटकेसाठी 'आवश्यक ती सर्व साधनं' वापरू शकतात. फॉरवर्डवाले इथपर्यंत वाचतात आणि थांबतात. पुढे जुन्यातलं पोटकलम (३), नव्यातलं (४), ते म्हणतं की ज्याच्यावर मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या शिक्षेचा गुन्हा नाही अशा माणसाचा मृत्यू घडवायचा कुठलाही अधिकार या कलमाने मिळत नाही.

आता बाईकचोरी म्हणजे चोरी, जास्तीत जास्त तीन वर्षं. सोनसाखळी खेचणं नव्या न्याय संहितेत कलम ३०४ खाली वेगळा गुन्हा केलाय, त्यालाही तीनच वर्षं. म्हणजे आंबेबुवांच्या भिंतीवरचा माणूस कितीही जोरात पळाला तरी तो पळतोय एवढ्या कारणावर त्याला जिवे मारणं बेकायदेशीर. त्या मार्शलने पिस्तूल काढलं नाही यात त्याची काही चूक नाही, उलट त्याला कायदा ठाऊक होता किंवा अंगात शहाणपण होतं.

---

शंकासुर – रविवार, सकाळी १०:०५

मग उलट बाजूने विचारतो. खुनाचा आरोपी पळाला. खुनाला जन्मठेप आहे. म्हणजे त्याला पाठीत गोळी घातली तर चालतं?

---

काळा_कोट – रविवार, सकाळी ११:२०

हाच तो प्रश्न. बरेच जण पोटकलम उलटं करून वाचतात, अगदी काही पोलीस अधिकारीसुद्धा. 'जन्मठेपेपेक्षा कमी गुन्हा असेल तर मारू नका' याचा अर्थ 'जन्मठेपेचा असेल तर मारा' असा होत नाही. आई म्हणाली, ताप असेल तर आईस्क्रीम नाही, म्हणजे ताप नसेल त्या दिवशी फ्रीज रिकामा करायची परवानगी झाली का? पोटकलम कुंपण घालतं, कुंपणाच्या आत पुन्हा 'आवश्यक' हा शब्द आहेच. ज्याचं नाव-पत्ता माहीत आहे, ज्याच्या हातात काही नाही, जो उद्या बहिणीच्या घरी सापडणार आहे, त्याला आज मारणं आवश्यक कसं?

आणि उलटं वाचायचंच ठरवलं तर काय गंमत होते बघा. जन्मठेपेपर्यंत शिक्षा कशाकशाला आहे? दरोड्याला आहे ठीक. पण खोटं मृत्युपत्र बनवण्यालाही आहे. सरकारी नोकराने सरकारी पैशाचा अपहार केला, त्यालाही आहे. म्हणजे जिल्हा परिषदेतला अपहार करणारा कारकून खिडकीतून उडी मारून पळाला तर त्याच्यावर गोळी चालेल आणि नुसती सोनसाखळी खेचून पळणाऱ्यावर नाही. असं वाचन कुठल्याही कोर्टात टिकणार नाही.

दुसरी गोष्ट. एन्काउंटरच्या बहुतेक केसमध्ये पोलीस कलम ४६ चा आधार घेतच नाहीत, ते स्वसंरक्षणाचा घेतात. जुन्या आयपीसीची ९६ ते १०६, आता न्याय संहितेची ३४ ते ४४. तो अधिकार पोलिसाला आणि तुम्हा-आम्हाला सारखाच. समोरच्याकडून मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असली तर त्याचा जीव घेण्यापर्यंत तो जातो, पण जरुरीपेक्षा जास्त नाही, आणि स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी ते म्हणणाऱ्यावर. पाठ करून पळणाऱ्यापासून स्वसंरक्षण कसलं, हा प्रश्न मग लगेच येतो. म्हणून प्रत्येक कहाणीत आरोपी पळता पळता वळतो आणि गोळी झाडतो. ज्यांनी दहा-वीस एफआयआर वाचलेत त्यांना तो परिच्छेद तोंडपाठ असतो.

---

चहा_कमी_साखर – रविवार, सकाळी ११:२६

'अंधाराचा फायदा घेऊन' राहिलं.

---

मिसिसिपीकाठी – रविवार, दुपारी १:१०

इथे मध्यरात्र उलटून गेलीये पण धागा बघून राहवलं नाही, कारण मी ज्या गावात गेली अकरा वर्षं राहतोय त्या मेम्फिसमध्येच हा प्रश्न अमेरिकेपुरता सुटला (म्हणजे कागदावर). आणि आंबेबुवांच्या भिंतीशी इतका जुळणारा आहे की अंगावर काटा आला.

३ ऑक्टोबर १९७४, रात्री पावणेअकरा. शेजारच्या घरात कोणीतरी घुसलंय असा फोन आला म्हणून दोन पोलीस आले. फोन करणारी बाई पोर्चमध्ये उभी राहून बाजूच्या घराकडे हात करत होती. एक पोलीस घराच्या मागे गेला, दार आपटल्याचा आवाज आला, आणि कोणीतरी परसातून पळत जाऊन सहा फुटी जाळीच्या कुंपणाशी थांबलं. पोलिसाने टॉर्च मारला. चेहरा दिसला, हात दिसले. हातात शस्त्र नाही, हे त्याने नंतर स्वतःच साक्षीत सांगितलं, जवळपास खात्री होती म्हणाला. पोरगा सतरा-अठराचा वाटला. 'पोलीस, थांब' अशी हाक दिली, पोरगा कुंपणावर चढायला लागला, एकदा पलीकडे गेला की सापडणार नाही म्हणून पोलिसाने गोळी झाडली, ती डोक्यात मागून लागली. एडवर्ड गार्नर, वय पंधरा, आठवीत. अंगावर त्या घरातून उचललेली एक पर्स आणि दहा डॉलर.

आणि तेव्हा ते कायदेशीर होतं! टेनेसीचा (मेम्फिस ज्या राज्यात आहे त्याचा) कायदा सांगायचा की इशारा देऊनही आरोपी पळाला तर पोलीस लागतील ती साधनं वापरू शकतात. वडील कोर्टात गेले. साडेदहा वर्षांनी, मार्च १९८५ मध्ये, सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला की पळणाऱ्यापासून पोलिसाला किंवा इतरांना मृत्यूचा अथवा गंभीर इजेचा मोठा धोका आहे असं मानायला सबळ कारण असेल तरच जीवघेणं बळ वापरता येईल, आणि शक्य असेल तिथे आधी इशारा द्यायचा. सगळे आरोपी निसटण्यापेक्षा मेलेले बरे असं काही नाही, असं न्या. व्हाइट यांनी निकालात सरळ लिहिलं. विरोधी मत न्या. ओ'कॉनर यांचं, त्या म्हणाल्या रात्री घरात घुसणं हा गुन्हाच मुळात धोकादायक, क्षणात निर्णय घेणाऱ्या पोलिसाला मागाहून असं तोलू नका. बंड्याने वाचावं, त्याची बाजू त्यांनी त्याच्यापेक्षा बरी मांडलीये.

मला त्यातला इतिहासाचा भाग जास्त आवडला. इंग्रजांचा जुना नियम असा की 'फेलन' (फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा केलेला माणूस) पळाला तर मारता येतो. का, तर त्या काळी जवळपास प्रत्येक फेलनीला फाशीच होती. आज मारला काय, उद्या लटकवला काय. शिवाय पोलिसांच्या हातात पिस्तुलं नव्हती, हातघाईत जे व्हायचं ते. पुढे फाशी उडाली, पिस्तुलं आली, नियम मात्र तसाच राहिला. कोर्टाने म्हटलं, कारण गेलं तर नियमही जायला हवा.

---

काळा_कोट – रविवार, दुपारी २:००

दंडवत. आणि आता आपल्याकडची गोम बघा. आपलं पोटकलम ब्रिटिशांच्या १८९८ च्या संहितेतून आलंय, तिथे 'मृत्युदंड किंवा जन्मभर काळं पाणी' असं होतं. १९५५ ला काळं पाणी गेलं, जन्मठेप आली, २०२३ ला नंबर बदलला. गुन्ह्याच्या शिक्षेवरून ठरवायचं, त्या क्षणाच्या धोक्यावरून नाही, हा तोच 'फेलन'चा हिशेब. धोका बघा, हे आपल्याकडे कायद्याच्या शब्दांत नाहीच, ते कोर्टांनी आणि मानवी हक्क आयोगाने 'आवश्यक' या एका शब्दातून ओढून काढलंय. नवीन संहिता करताना सुधारायची संधी होती. त्यांनी मध्ये बेड्यांचं एक पोटकलम घातलं, हे मात्र जसंच्या तसं ठेवलं.

---

रोखठोक_बंड्या – रविवार, दुपारी ३:४५

अमेरिकेचं आम्हाला सांगू नका, तिथे रोज गोळ्या चालतात. हैदराबादला २०१९ मध्ये तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनातले चार नराधम पळायला लागले, पोलिसांनी जागेवर न्याय केला, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. तेव्हा कुठे होते हे कलमवाले?

---

मिसिसिपीकाठी – रविवार, दुपारी ४:१०

चालतात ना, मी कुठे नाही म्हटलं. म्हणूनच 'कागदावर' लिहिलं. २०१५ मध्ये साउथ कॅरोलायनात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाला गाडीचा ब्रेक लाइट बिघडला म्हणून थांबवलं, तो पळाला, पोलिसाने पाठीमागून आठ गोळ्या झाडल्या. पोलीस म्हणाला त्याने माझी टेझर गन हिसकावली. रस्त्यावरच्या एका माणसाने मोबाईलवर सगळं टिपलं होतं म्हणून खरं बाहेर आलं, आणि त्या पोलिसाला २० वर्षांची शिक्षा झाली. व्हिडिओ नसता तर? हिसकावली होती, विषय संपला.

---

तिखट_मीठ – रविवार, संध्याकाळी ६:३०

बंड्या, मी उधळली होती फुलं. म्हणजे प्रत्यक्ष नाही, पण ६ डिसेंबरला सकाळी बातमी आली तेव्हा ऑफिसात पेढे वाटले, माझी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि आधीचा आठवडाभर मला झोप नव्हती. लाज वाटून लिहीत नाहीये, तेव्हा जे वाटलं ते वाटलं.

पण नंतर सुप्रीम कोर्टाने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष न्या. विकास सिरपूरकर, आपल्या विदर्भातले, आणि सोबत मुंबई हायकोर्टाच्या माजी न्यायाधीश रेखा बलदोटा. म्हणजे दिल्लीचे कोणी 'कलमवाले' नव्हेत. त्यांचा अहवाल २०२२ मध्ये जाहीर झाला. आरोपींनी डोळ्यांत माती फेकली, पिस्तुलं हिसकावली, गोळ्या झाडत पळाले, ही पोलिसांची कहाणी विश्वास ठेवण्यासारखी नाही असं स्पष्ट म्हटलंय. आरोपी मरावेत याच हेतूने गोळ्या झाडल्या, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा असं म्हटलंय. आणि चौघांपैकी तिघे त्या वेळी अल्पवयीन होते.

मला झोंबलं ते वेगळंच. ते चौघं खरंच दोषी होते की नाही हे आता कधीच कळणार नाही. खटलाच झाला नाही. त्या मुलीच्या आईबापांना न्याय मिळाला की गप्प बसवलं, मला आजही सांगता येत नाही.

---

सातबारा – रविवार, संध्याकाळी ७:०२

अनुमोदन. वाचनखूण साठवली.

---

शंकासुर – रविवार, रात्री ८:१५

आपल्या महाराष्ट्राचं पण बोला की. एन्काउंटर स्पेशालिस्ट हा शब्दच मुंबईचा.

---

काळा_कोट – रविवार, रात्री ९:४०

बोलूया. सगळ्या देशाला लागू असलेले नियम मुळात मुंबईमुळेच आलेत. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ च्या आसपास चकमकी, त्यात साधारण १३५ माणसं मेली, यावर पीयूसीएल ही नागरी हक्क संघटना हायकोर्टात गेली, तिथून सुप्रीम कोर्टात. निकाल २३ सप्टेंबर २०१४, सरन्यायाधीश लोढा आणि न्या. नरिमन. सोळा मुद्दे आहेत, सगळे देत नाही, कामाचे तेवढे. खबर मिळाली की ती आधी लेखी नाहीतर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात नोंदवायची. कोणी मेलं तर एफआयआर झालाच पाहिजे. तपास त्याच पोलीस ठाण्याने करायचा नाही, सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, आणि तपासावर देखरेख करणारा अधिकारी चकमकीतल्या प्रमुखापेक्षा निदान एक पायरी वरचा हवा. मॅजिस्ट्रेटची चौकशी सक्तीची. जखमीला आधी दवाखान्यात न्यायचं. वापरलेली शस्त्रं तपासणीसाठी जमा. आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा मुद्दा, चकमकीनंतर लगेच बढती नाही, शौर्यपदक नाही. दुकानाचा गल्लाच बंद केला.

अशा चकमकीतली माणसं बघायची तर लखनभैया या कथित गुंडाचं प्रकरण बघा. नोव्हेंबर २००६, वाशीतून उचललं, संध्याकाळी वर्सोव्याला नाना-नानी पार्कजवळ 'चकमकीत' मेला. भाऊ वकील होता, भावाला उचलल्याचं कळताच त्याने पोलीस आयुक्तांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. त्यामुळे चकमकीच्या आधीच तो पोलिसांच्या ताब्यात होता याचा कागद तयार झाला, वेळ-तारखेसकट. २०१३ ला सेशन्स कोर्टाने पोलिसांसह एकवीस जणांना जन्मठेप दिली, आणि जो मुख्य अधिकारी तेव्हा सुटला होता त्यालाही हायकोर्टाने मार्च २०२४ मध्ये जन्मठेप सुनावली. पुढे सुप्रीम कोर्टात अपील. तार बंद झाली हो २०१३ लाच, पण माझे सीनियर अजून सांगतात, माणूस उचलला की पहिला ईमेल करा, रडायचं नंतर.

बदलापूरचं शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण तर ताजंच आहे. आरोपीला तळोजा जेलमधून नेताना मुंब्रा बायपासवर गाडीत गोळी लागली, पिस्तूल हिसकावलं म्हणे. दोन दिवसांत हायकोर्टाने विचारलं की चार पोलीस एका माणसाला आवरू शकत नाहीत? पिस्तुलाची स्लाइड मागे ओढायला ताकद लागते, सराव नसलेल्याला ती जमली कशी? पायाऐवजी डोक्यात गोळी का? जानेवारी २०२५ मध्ये मॅजिस्ट्रेटच्या अहवालात पाच पोलिसांवर ठपका आला, त्यावरही पुढे कोर्टबाजी सुरू झाली. तारीख बघितली का? २३ सप्टेंबर २०२४. पीयूसीएल निकालाला त्या दिवशी बरोब्बर दहा वर्षं झाली होती.

---

खाकी_निवृत्त – रविवार, रात्री ११:१०

वाचतोय सकाळपासून. मी वकील नाही, ३३ वर्षं नोकरी केली, शिपाई लागलो, एएसआय म्हणून रिटायर झालो. टायपिंग सावकाश आहे, चुका समजून घ्या.

पायात गोळी मारा म्हणणाऱ्यांना सांगतो, फायरिंग बटवर वर्षातनं एकदा नेतात, मोजून राऊंड देतात, समोरचं टार्गेट उभं असतंय, हलत नाही. धावणाऱ्या माणसाचा पाय म्हणजे तुमच्या आमच्या मनगटाएवढी हलती वस्तू, आणि आपण पण धावत आलेलो असतोय, छाती भात्यासारखी वरखाली. पायावर धरलेली गोळी कमरेत लागते, नाहीतर मागच्या पानपट्टीत. मांडीत लागली तरी तिथे मोठी नस असते, माणूस पाच मिनिटांत संपतो. यूपीला ते हाफ एन्काउंटर म्हणतात, प्रत्येकाच्या बरोबर गुडघ्याखाली लागते. पळणाऱ्याच्या एवढी बरोबर लागत नाही एवढं मी सांगू शकतो. बाकी तुम्ही समजून घ्या.

आता माझं. १९९४ साल. सांगली जिल्हा, गावाचं नाव राहू दे. मी आणि एक जोडीदार, कैदी पार्टीची ड्युटी. कैद्याला तारखेला न्यायचं, एसटीने, तेव्हा गाड्या कुठल्या. कैदी पंचवीस एक वर्षांचा, विहिरीवरची पाणबुडी मोटर चोरल्याचा आरोप. बेडी नव्हती, बेडीला कोर्टाची परवानगी लागायची आणि ती मागायची तसदी आमच्या साहेबानं घेतलेली नव्हती. वाटेत स्टँडवर गाडी थांबली, तो म्हणाला लघवीला जायचंय. जोडीदार बरोबर गेला. मुतारीच्या मागची पत्र्याची भिंत पडलेली, तो तिथनं निसटला, रस्ता ओलांडून समोरच्या उसात.

माझ्या खांद्यावर थ्री नॉट थ्री, पाच राऊंड. मी रस्त्यापर्यंत पळत आलो. उसाच्या पलीकडे बांध, बांधावर बायका भांगलणीला आलेल्या, त्यांच्या रंगीत पदरांच्या टापशा दिसत होत्या. थ्री नॉट थ्रीची गोळी एका माणसात थांबत नाही. फायर केला नाही. तो गेला.

पुढचं ऐका. मी आणि जोडीदार सस्पेंड. आमच्यावरच निष्काळजीपणाचा गुन्हा, त्या कलमाला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि पळालेल्याच्या कलमालाही दोनच वर्षं! म्हणजे पळणारा आणि ज्याच्या हातून पळाला तो, कायद्यात सारखेच. डिपार्टमेंटल चौकशीत साहेबानं पहिला प्रश्न विचारला, हातात रायफल असताना फायर का केला नाही? दोन इन्क्रिमेंट गेले. कैदी नवव्या दिवशी त्याच्या मामाच्या वस्तीवर जेवताना सापडला, आमच्याच ठाण्यातल्या दोघांनी काठीसुद्धा न उचलता आणला.

म्हणून सांगतो, कलम कुठलं हे त्या क्षणाला डोक्यात येत नाही. डोक्यात येतं की हा गेला तर माझी नोकरी गेली. गोळी घातली तर साहेब पाठीशी उभा राहतो, सोडला तर राहत नाही. हे बदलल्याशिवाय तुमचे सोळा मुद्दे भिंतीवर.

---

तिखट_मीठ – रविवार, रात्री ११:३१

काका 🙏 हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका.

---

रोखठोक_बंड्या – सोमवार, सकाळी ८:२०

काकांना सलाम. मी माझं मत बदललं असं नाही, पण मोटार चोरणाऱ्याला गोळी घालावी असं मी पण म्हणणार नाही. दहशतवादी, दरोडेखोर यांच्याबद्दल बोलतोय मी. हत्यार घेऊन पळणाऱ्याला काय पोलिसांनी गुलाब द्यायचा?

---

काळा_कोट – सोमवार, सकाळी १०:१५

नाही, तिथे आपण दोघं एकाच बाजूला आहोत. हातात एके-४७ घेऊन बाजाराकडे पळणारा माणूस पळतोय म्हणून नव्हे, पुढच्या वळणावर कोणाला तरी मारेल म्हणून गोळी चालते. मेम्फिसवाल्या निकालातही तेच, आपल्या स्वसंरक्षणातही तेच, कारण ते दुसऱ्याच्या जिवासाठीही वापरता येतं. २०१२ च्या झारखंडच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांचं म्हणणं मानलंही, पण त्याच निकालात बजावलं की केवळ कुख्यात गुन्हेगार आहे म्हणून आरोपीला मारणं हे पोलिसांचं काम नाही, त्याला पकडून खटल्याला उभं करणं हे काम. आणि नाकाबंदीत न थांबलेली गाडी यात मुळीच बसत नाही. २०१८ ला लखनौत थांबली नाही म्हणून शिपायाने एका गाडीवर गोळी झाडली, एका नामांकित कंपनीतला माणूस घरी जाताना मेला. त्याच्यावर अटकेचा प्रश्नच नव्हता, जन्मठेप तर दूर.

खाकीकाका, तुमचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. प्रतिबंध केलाय तो बक्षिसाला. न झाडलेल्या गोळीबद्दल शिक्षा होऊ नये असा सतरावा मुद्दा कोणी लिहिला नाही.

---

पायरीचा_आंबा (धागाकर्ता) – सोमवार, दुपारी १:००

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. काळा कोट यांचे दोन प्रतिसाद सोसायटीच्या ग्रुपवर टाकले, फॉरवर्डवाल्या काकांनी अंगठा दिला आणि अर्ध्या तासाने दुसरा फॉरवर्ड टाकला (लिंबाच्या सालीने मधुमेह). स्प्लेंडर जागेवरच आहे, लॉक तेवढं बदललं. चप्पल मार्शल पंचनाम्यासाठी घेऊन गेले, डाव्या पायाची, आठ नंबर. वॉचमन बदलला.

---

शंकासुर – सोमवार, दुपारी ३:२०

खाकीकाका, राग मानू नका, एक विचारतो. तुम्ही बांधावरच्या बायका बघून थांबलात. त्या नसत्या तर? आणि तो मोटार चोर नसून खुनाचा आरोपी असता तर?

---

खाकी_निवृत्त – सोमवार, रात्री १०:४५

राग कसला. दिवसभर विचार केला काय लिहावं.

खुनाचा असता तर काय केलं असतं ठाऊक नाही. त्या वेळी त्याच्यावर कलम कुठलं होतं हे मला नीट ठाऊक पण नव्हतं, कागद जोडीदाराच्या पिशवीत होते. आणि एक गोष्ट काल लिहायची राहिली, राहिली म्हणजे मुद्दाम लिहिली नाही. चौकशीत पण सांगितली नव्हती. मी रायफल खांद्यावरनं उतरवली होती. बोल्ट ओढून राऊंड चेंबरमध्ये घेतला होता आणि नेम पण धरला होता. तो दिसत नव्हता, नुसती उसाची पाती हलत पुढं चालली होती, मी त्या हलण्यावर धरून उभा होतो. मग बायका दिसल्या.

संध्याकाळी मुख्यालयात पाचही राऊंड परत जमा केले. त्यातल्या एकाला कडेला ओरखडा पडला होता, शस्त्रागारावरच्या हवालदारानं बघितला, काही बोलला नाही, रजिस्टरला पाच लिहिले.